एका इंचात चोवीस आटे

वडिलांच्या हर्क्युलस सायकलीची बीबीची, म्हणजे पायडलांच्या कण्याची, वाटी बाहेर काढली, रॉकेलात धुतली आणि आटे मोजायचं गेज तिला लावलं. चोवीस नंबरचं पान बरोबर बसलं. एका इंचात चोवीस आटे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाला या आकड्यात फार मोठा इतिहास दिसतो, आणि तोच मला इथं सांगायचा आहे. हा आटा ठरला इंग्लंडात, तिथल्या सायकल कारखान्यांच्या भरभराटीच्या काळात. तोच आटा मद्रासला आला, तोच सोनिपतला गेला, तोच लुधियानाच्या गल्ल्यांत पाडला जाऊ लागला. म्हणून साठ वर्षांपूर्वीच्या सायकलीची झिजलेली वाटी घेऊन मी लक्ष्मीपुरीतल्या दुकानात गेलो, तेव्हा दुकानदारानं सायकल कोणती, साल कोणतं, काही विचारलं नाही. मागं वळून फळीवरची पुडी काढली आणि काउंटरवर ठेवली. वाट्या, कणा, छर्रे, सगळं मिळून एकशे ऐंशी रुपये.

नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीनं मात्र स्वतःचे आटे वेगळे ठेवले होते, इंचाला सव्वीस. ज्याच्या घरी खरी विलायती रॅले आहे त्यानं तिच्या वाट्या जपाव्यात, कारण बाजारातली वाटी तिच्यात चढायची नाही. रॅले उत्तम सायकल होती याबद्दल वाद नाही. पण गरिबाच्या घरात पन्नास-साठ वर्षं टिकली ती चोवीस आट्यांची सायकल, कारण तिचा कुठलाही भाग मोडला तरी तो दुसरीकडून आणून बसवता येत होता. जुनी सायकल थोडक्या पैशात उभी करणं याला आज छंद म्हणतात. आमच्या भागात तो एक पुरा धंदा होता, त्यावर माणसांची पोटं चालली, आणि आमचे कारखानेही अशाच दुरुस्तीच्या दुकानांतून वर आले.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले. डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत असं आढळल्यावर ती वाट बंद झाली. मग ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या जोडीनं त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. १८८८ हे साल किर्लोस्कर आपल्या उद्योगाचा आरंभ मानतात. सायकली मुंबईहून यायच्या, बेळगावात विकल्या जायच्या, दुरुस्तही व्हायच्या, आणि चालवायला शिकवण्याचे पैसे वेगळे घेतले जायचे. त्याच १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. म्हणजे आज आपण जिला सायकल म्हणतो तिचं रूप अजून पुरतं ठरलंही नव्हतं, आणि आपल्या भागातले दोन भाऊ तिच्यावर धंदा उभा करत होते.

पुढं कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळं पहिले नांगर खपायला बराच काळ गेला. बेळगावात जागेची अडचण झाली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात नांगरापासून सुरू होतो. मला तो सायकलीच्या दुकानापासून सुरू करावासा वाटतो. चाक सरळ फिरतं की नाही हे बघायची नजर, छर्रा आणि वाटी यांतलं अंतर बोटाला कळणं, आट्याला आटा जुळवणं हे सगळं सायकल शिकवते, आणि नंतर पंपाला आणि इंजिनाला लागतं तेही हेच. आमच्या उद्यमनगरातही काही निराळं घडलं नाही. शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता, मोडलेला भाग बघून तसाच नवा ओतता ओतता इथं फाउंड्र्या उभ्या राहिल्या. म्हादबा मिस्त्रींचं नाव इथं अजून आदरानं घेतात ते याच कारणानं.

सायकली मात्र बराच काळ बाहेरूनच येत राहिल्या. बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, नॉटिंगहॅम ही गावं आमच्या आजोबांच्या पिढीला सायकलीच्या डोक्यावरच्या पितळी बिल्ल्यावरून माहीत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. युद्धात विलायती मालाची आवक आटली, आणि स्वातंत्र्यानंतर सरकारनं आयातीला लगाम घातल्यावर देशात कारखान्यांची रांग लागली. १९४९ मध्ये मुरुगप्पा मंडळींनी इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स काढली. आसनसोलला सेन-रॅले निघाली, सोनिपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस निघाली. मुंजाळ बंधू कमालियाहून अमृतसरला येऊन सायकलीच्या भागांचा व्यापार करत होते; ते पुढं लुधियानाला गेले आणि १९५६ मध्ये हीरो सायकल निघाली. तीस वर्षांनी, १९८६ मध्ये, जगात सर्वांत जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून हीरोची गिनीज बुकात नोंद झाली.

हर्क्युलसची गोष्ट यात मला विशेष जवळची आहे. बर्मिंगहॅमला क्रेन बंधूंनी १९१० साली ही कंपनी काढली ती कामगाराला परवडेल अशी सायकल बनवायला. १९४६ मध्ये ती ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या ताब्यात गेली, आणि त्याच कंपनीचं बोट धरून हर्क्युलस हे नाव मद्रासला उतरलं. माझे वडील शाहू मिलमध्ये होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली पाया घातलेली ही मिल. साठच्या दशकात वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून हर्क्युलस घेतली. किंमत दोन-सव्वादोनशेच्या घरात होती, म्हणजे त्यांचा दोन महिन्यांचा पगार. आज दोन महिन्यांच्या पगाराची वस्तू घेताना माणूस जेवढा विचार करतो तेवढा त्यांनी केला असणार. त्यामुळं ती बिघडली तर टाकून द्यायची ही कल्पनाच कुणाच्या मनात येत नसे.

तिसऱ्या पाळीला जाताना ते डायनॅमोचा कान ओढून टायरला टेकवत. दिवा नसलेली सायकल रात्री पोलिसानं धरली तर दंड व्हायचा, नाहीतर चाकातली हवा सोडून तो चालत घरी पाठवायचा. डबलसीट धरली तरी तेच. नगरपालिकेचा कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो सायकलीला लावलेला असायलाच हवा. वडिलांच्या सायकलीच्या चिमट्याला असा एक बिल्ला अजून आहे. अक्षरं झिजली आहेत, पण बोट फिरवलं की आकडे लागतात. हा कर केव्हाच गेला. सायकल ही कर लावण्याजोगी मालमत्ता होती हेच नव्या मुलांना खरं वाटत नाही. लग्नात घड्याळ आणि सायकल मागितली जायची, आणि त्या मागणीपायी मुलीच्या बापाला जमिनीचा तुकडा गहाण टाकताना मी पाहिलं आहे. सायकलीचा इतिहास सांगताना हेही सांगायलाच हवं.

ज्यांना विकत घ्यायला जमत नसे त्यांच्यासाठी भाड्याची सायकल होती. प्रत्येक पेठेत एक तरी दुकान असायचं. बाहेर ओळीनं उभ्या काळ्या सायकली, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात दुकानाचं नाव आणि नंबर, आत लाकडी टेबलावर वही. वहीत नाव, वेळ आणि ओळखीच्या माणसाचं नाव लिहिलं जायचं. अनामत कुणी मागत नसे, वडिलांचं नाव सांगितलं की पुरे. चार आणे तास हा माझ्या आठवणीतला दर. मुलांसाठी लहान सायकली वेगळ्या असत, पण त्या सुट्टीच्या दिवशी हाताला लागत नसत. मग मोठ्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकायचं. माझी थोरली बहीण अशीच शिकली, भल्या पहाटे, गल्ली जागी व्हायच्या आत. मुलीनं सायकल चालवायची नाही असं कुणी स्पष्ट म्हणत नव्हतं, पण बघणारे बघत.

भाड्याच्या सायकलीला आराम नव्हता. दिवसभर नवशिके तिला आपटायचे, रात्री दुकानदार तिला सरळ करायचा. त्यामुळं या दुकानांत जी कारागिरी तयार झाली ती मी फार वरच्या दर्जाची मानतो. वाकलेला चिमटा दोन पायांत धरून डोळ्याच्या अंदाजानं सरळ करणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. पुढच्या चाकाला बत्तीस तारा, मागच्याला चाळीस, कारण ओझं मागं असतं. चाकाचा आऊट काढताना मिस्त्री चिमट्याच्या काठाला अंगठ्याचं नख टेकवायचा, चाक फिरवायचा आणि नखाला रिम कुठं घासते ते ऐकून निपल फिरवायचा. फक्त अर्धा-पाऊण आटा. एका बाजूची तार आवळली की समोरची सैल करायची, नाहीतर आऊट निघतो पण चाक अंड्यासारखं होतं. ही विद्या कुठल्याही कोर्समध्ये नव्हती.

या धंद्याचा सण म्हणजे दसरा. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, त्याआधी सायकल ओव्हरऑइल करून घ्यायची, हा ठरलेला क्रम. दुकानासमोर सुट्या केलेल्या सायकलींचा खच पडायचा. एका थाळीत पुढच्या हबचे छर्रे, दुसरीत मागच्या हबचे, तिसरीत बीबीचे. मिसळले तर पंचाईत, कारण पुढचे बारीक आणि मागचे मोठे. दसऱ्याच्या सकाळी हँडलला झेंडूची माळ, घंटीला हळदीकुंकू. याच दिवसांत गावात सायकलवाला कलाकार यायचा. मैदानात गोल आखून सात दिवस सात रात्री सायकलीवरून खाली न उतरता फिरायचा. सायकलीवरच जेवण, सायकलीवरच अंघोळ. रात्री कर्ण्यावर गाणी, आणि लोक त्याच्या शर्टाला नोटा टाचायचे. त्याची सायकल शेवटपर्यंत चालती राहायची ती पेठेतल्या मिस्त्रीच्या जिवावर, आणि त्या कामाचे पैसे मिस्त्री घेत नसे.

आता माझ्या कामाकडं येतो. पेन्शन किती मिळतं हे भविष्यनिर्वाह निधीवाल्या कामगाराला विचारायची गरज नाही. दोन हजारांच्या वर जायचं नाही असं ठरवूनच मी हर्क्युलस खोलीतून बाहेर काढली. पैसे कमी असले की पहिला प्रश्न एकच: कशावर खर्च करायचा आणि कशावर नाही. माझं उत्तर ठाम आहे. जे फिरतं आणि जे थांबवतं त्यावर पैसे घालावेत, जे दिसतं त्यावर घालू नयेत. छर्रे, वाट्या, टायर, ब्रेकची रबरं नवी. रंग मात्र जुनाच. हर्क्युलसचा काळा भट्टीतला रंग आणि त्यावरच्या हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा एकदा स्प्रेखाली गेल्या की परत येत नाहीत. साबणाच्या पाण्यानं पुसून, कोरडं करून मी फक्त बेलतेलाचा पातळ हात दिला आणि लगेच फडक्यानं ओढून घेतला. रेघा वर आल्या. जिथं रंग गेला आहे तिथं लोखंड काळपट दिसतं, ते तसंच राहू दिलं आहे.

कॉटर काढणं हे या सायकलीतलं सगळ्यात नाजूक काम. कॉटर म्हणजे क्रँक आणि कणा यांना जखडणारी पाचर. एक अंग तिरकं तासलेलं, एका टोकाला आटे आणि नट. वर्षानुवर्षं बसून ती गंजते आणि क्रँकशी एक होऊन जाते. नट काढून वरून हातोडा घातला तर तो घाव कण्यातून छर्ऱ्यांत आणि छर्ऱ्यांतून वाटीत जातो. वाटीला खड्डे पडतात, आटे चेमटतात, आणि कॉटर तिथंच वाकून बसते. गंगावेशीतल्या जुन्या मिस्त्र्यांची रीत मी लहानपणी पाहिली होती, तीच वापरली. आधी रॉकेल सोडून ठेवायचं. मग क्रँकच्या खाली जमिनीपर्यंत एक पाइप उभा टेकवायचा, त्याचं भोक कॉटरचं डोकं आत उतरेल एवढं. नट आट्यांच्या टोकाशी सपाट ठेवायचा, म्हणजे मार नटावर पडतो. आणि मग हलके दहा ठोके नाहीत, एकच भरीव घाव. जागा सुटल्याचा आवाज वेगळा असतो, लोखंडात काम केलेल्याला तो लगेच कळतो. नव्या कॉटर कानशीनं तासून बसवाव्या लागतात, आणि दोन्हींचा उतार सारखा यावा लागतो, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत. चाळीस रुपयांच्या दोन कॉटरींसाठी मी अख्खी दुपार कानस चालवली. चेनकडच्या वाटीचे आटे उलटे असतात हेही लक्षात ठेवावं. पायडल मारताना ती सैल होऊ नये म्हणून ती सोय आहे. डाव्या पायडलाचे आटेही त्याच कारणानं उलटे.

गंजासाठी बाजारात महागडी द्रावणं मिळतात. आमच्या जिल्ह्यात त्यांची गरज नाही. गुऱ्हाळावरची जुनी, आंबलेली काकवी कुणी पैसे घेऊन देत नाही, अशीच देतात. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. त्यात चेनचाक, क्रँक, ब्रेकचे रॉड बुडवून ठेवले. वास उग्र येतो, वर बुरशीची साय धरते, आणि काम सावकाश होतं, आठवडा-दोन आठवडे लागतात. पण आम्लासारखं ते लोखंड खात नाही, फक्त गंज सोडवतं. बाहेर काढून धुतलं की करड्या रंगाचं स्वच्छ लोखंड हातात येतं. त्याला लगेच तेल लावावं, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस झाक चढते. अ‍ॅल्युमिनियम यात घालू नये. क्रोमला वेगळा उपाय: अ‍ॅल्युमिनियमचा चुरगाळलेला कागद पाण्यात भिजवून घासायचा. डोक्यावरच्या पितळी बिल्ल्याला चिंच पुरली.

सीटची कथा मला सगळ्यात समाधान देऊन गेली. मूळ सीट चामड्याची होती, बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स पद्धतीची. जाड चामड्याचा एकच तुकडा लोखंडी सांगाड्यावर ताणून, पुढं-मागं रिव्हेट मारून बसवलेला. सांगाडा आणि स्प्रिंगा शाबूत, चामडं मात्र उभं चिरलेलं. विलायती सीट मागवायची तर माझ्या सगळ्या बजेटच्या कितीतरी पट पैसे. दुकानातली रेक्झिनची सीट अडीचशेला मिळते, पण त्या सांगाड्याचं काय करायचं? मग लक्षात आलं की अशा सीटला हवं ते चामडं आमच्याच गावात आहे. कोल्हापुरी चप्पल ज्या कातड्याची होते ते बाभळीची साल आणि हिरडा यांत पकवलेलं असतं. या पद्धतीनं पकवलेलं चामडं पाण्यात भिजवलं की मऊ होतं, साच्यावर बसवून वाळवलं की तोच आकार धरून घट्ट होतं. क्रोमनं पकवलेल्या चामड्याला हे जमत नाही.

सुभाषनगरात चपला बनवणाऱ्या एका कारागिराकडं सांगाडा घेऊन गेलो. वय माझ्याएवढंच असेल. त्यांनी आधी सांगाडा उलटा-सुलटा करून पाहिला.

"मामा, ही सीट माझ्या बापानं केलेली आहे का बघू," म्हणाले. "आमच्याकडं पूर्वी येत होती असली कामं. भाड्याच्या दुकानांची."

ती सीट त्यांच्या वडिलांची नव्हती, कारखान्यातून आलेली होती. पण त्या एका वाक्यात या धंद्याचा एक सबंध कोपरा उघडा झाला. भाड्याच्या सायकलींच्या फाटलेल्या सीटा चपलांच्या कारागिरांकडं जात होत्या, हे मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी तळासाठी ठेवलेलं म्हशीचं जाड कातडं काढलं. जुन्या सीटचा फाटका तुकडा वर ठेवून आखला, रापीनं कापला, रात्रभर पाण्यात घातला. दुसऱ्या दिवशी ओला तुकडा सांगाड्यावर ओढून सुतळीनं बांधला आणि चप्पल ठोकायच्या गुळगुळीत ठोकणीनं कडा वळवत गेले. मधला भाग हाताच्या तळव्यानंच दाबला. "ऊन दाखवायचं नाही. सावलीत वाळू दे. ऊन लागलं की तडकतंय." वाळल्यावर तांब्याचे रिव्हेट मारले, कडेला मेण चोळलं. साडेचारशे रुपये झाले. मी पाचशे पुढं केले तर पन्नास परत दिले. सीटच्या नाकाखाली ताण द्यायचा नट असतो; चामडं सैल पडत जाईल तसा तो थोडा थोडा आवळायचा. खोबरेल तेल मात्र अजिबात लावायचं नाही, चामडं ढिलं पडून लोंबतं.

अठ्ठावीस बाय दीडचे टायर अजून मिळतात, दूधवाले आणि खेड्यातले शेतकरी ते घेतात म्हणून. दोन टायर साडेसातशेला, ट्यूबा पावणेतीनशेला. चेन जुनीच ठेवली, रॉकेलात धुऊन. डायनॅमो उघडून आतला चुंबक पुसला, दिवा लागतो. सगळा हिशेब एकोणीसशेच्या आसपास आला.

हे भाग अजून मिळतात, पण किती वर्षं मिळतील सांगता येत नाही. १९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदियांची लुना आली, आणि दूधवाला, पेपरवाला, शाळामास्तर हळूहळू सायकलीवरून उतरले. भाड्याची दुकानं ऐंशी-नव्वदच्या दशकांत एकेक करून झेरॉक्सची, पुढं मोबाइलची झाली. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले १९८० मध्ये सरकारनं ताब्यात घेतल्या, तरी त्या वाचल्या नाहीत. शाहू मिलचा भोंगा २००३ साली थांबला. अ‍ॅटलसचा शेवटचा कारखाना साहिबाबादला बंद पडला तो ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी. कामगारांना गेटवर नोटीस लागलेली दिसली. त्या बातमीनं मला जितकं वाईट वाटलं तितकं स्वतःच्या निवृत्तीचंही वाटलं नव्हतं. ती सायकल बनवणारे हात घरी बसले होते.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी २०१७ मध्ये सायकलींचं संग्रहालय केलं. ज्यांना जमेल त्यांनी मुलांना घेऊन जावं. तिथं सायकली निगुतीनं ठेवलेल्या आहेत. याउलट हल्ली हॉटेलांच्या भिंतींवर जुन्या सायकली टांगायची पद्धत पडली आहे. कुणाच्या तरी आजोबांची चांगली सायकल भंगारातून पाच-सातशेला उचलायची, तिला पिवळा-निळा रंग फासायचा, चेन तोडायची आणि खिळ्याला अडकवायची. या गोष्टीचा मला राग येतो. त्यातल्या बहुतेक सायकली एका महिन्याच्या कामावर आणि दोन हजार रुपयांवर पुन्हा रस्त्यावर आल्या असत्या.

मी सध्या हर्क्युलसवरून रोज रंकाळ्यापर्यंत जातो. गेल्या आठवड्यात गल्लीतला अकरावीतला एक मुलगा माळ्यावरची आजोबांची अ‍ॅटलस खाली काढून माझ्या दारात घेऊन आला. चाकं बसलेली, चेन गंजून काठी झालेली. रंग कुठून मारून घेऊ, काका, हे त्यानं सगळ्यात आधी विचारलं. त्याला म्हटलं, रंगाचं नंतर बघू. आज दोन्ही कॉटरींना रॉकेल सोड आणि हात लावू नको. रविवारी ये, पाइप माझ्याकडं आहे. येताना बापाला विचारून आजोबांच्या वहीत सायकलीची पावती आहे का तेवढी शोध.